गव्याचे मोजे

रानात लावायचा कॅमेरा मी घरी बनवतो हे कळलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मग किती वाचतात?’ काही वाचत नाहीत. सुटे भाग तयार कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडतात हे खरं, पण त्यात माझे रविवार, जळालेले बोर्ड आणि राधानगरीपर्यंतचं पेट्रोल धरलं तर हिशेब उलटा बसतो. ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्यानं सरळ तयार घ्यावा. माझी तक्रार वेगळी आहे. तयार कॅमेरा दुसऱ्याच कुठल्यातरी रानासाठी बनलेला असतो.

अमेरिकेत शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पांढऱ्या शेपटीचं हरीण कुठल्या वाटेनं येतंजातं हे बघायला असे कॅमेरे खपतात. वीसएक वर्षांपूर्वी तिथले हौशी लोकही ते घरीच बनवायचे. सोनीचा जुना सायबरशॉट खोलायचा, त्याला सेन्सर जोडायचा आणि डब्यात घालून झाडाला बांधायचा. पुढं कारखान्यांनी तेच काम हातात घेतलं. पण मनात हरीण तेच राहिलं, एकाच उंचीचं आणि कोरड्या पानगळीतून चालणारं. आपल्याकडं एकाच पाणवठ्यावर दीड वितीची पिसोरी येते आणि त्याच रात्री खांद्याशी पुरुषभर उंच असलेला गवाही येतो. शिवाय जूनपासून पाऊस असा, की बंद कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते.

माझा धंदा शिवाजी उद्यमनगरात. फौंड्रीच्या भट्ट्यांचे टेंपरेचर कंट्रोलर, वजनकाटे, पॅनेल यांची दुरुस्ती. उष्णता मोजणं हे रोजचंच काम, त्यामुळं या कॅमेऱ्याचं अर्धं गणित मला आयतं मिळालं. आक्काचं सासर राधानगरी तालुक्यात, अभयारण्याच्या कडेला. दाजींचा ऊस, भात आणि थोडी रताळी. गवा उसात उतरतो, तो येतो कुठनं आणि जातो कुठनं हे बघायचं म्हणून पहिला डबा तिथल्या बांधावर लागला. अभयारण्याच्या आत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यानुसार अभयारण्यात फोटो काढायलासुद्धा परवाना घेऊनच शिरावं लागतं. परवानगीशिवाय आत डबे बांधत फिरणाऱ्याकडं वनरक्षकानं शिकारी म्हणून बघितलं तर त्यात त्याची चूक नाही. बांधावर मात्र दाजींचं राज्य.

या डब्याचा जीव सेन्सरमध्ये असतो. जिन्यातला दिवा माणूस आला की आपोआप लागतो ना, त्यातलाच हा, पीआयआर. दुकानदार त्याला मोशन सेन्सर म्हणून देतो, पण त्याला हालचाल दिसत नाही. आत शेजारी शेजारी दोन कप्पे असतात आणि दोन्हींवर पडणाऱ्या उष्णतेतला फरक तेवढा त्याला कळतो. गरम अंगाचं जनावर आडवं गेलं की आधी एका कप्प्याला ऊब लागते, मग दुसऱ्याला, आणि सेन्सर जागा होतो. तेच जनावर नाकासमोर सरळ चालत आलं तर दोन्ही कप्पे सारखेच तापतात आणि सेन्सर खुशाल झोपून राहतो. एप्रिल-मेच्या दुपारी हवा आणि जनावराचं अंग यांच्या तापमानात फारसं अंतरच उरत नाही. तेव्हा समोरनं म्हैस गेली तरी पत्ता लागत नाही, आणि उन्हात तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की मात्र धडाधड फोटो निघतात. एका मेमरी कार्डात नुसतं गवत. डिसेंबरच्या थंडीत तोच सेन्सर असा तिखट होतो की उंदीरसुद्धा सुटत नाही.

वर्कशॉपमधल्या पोरानं एकदा डब्याला इतकी सुबक खिडकी केली, की मलाच हेवा वाटला. डायमंड कटरनं कापलेली काच, कडेनं सिलिकॉन सीलंट, पाण्याच्या थेंबाची आत जायची टाप नाही. सेन्सर त्या काचेमागं. समोर हात हलवला, नाचून बघितलं, डबा ढिम्म. शरीराच्या उष्णतेची लहर साधारण दहा मायक्रॉनची. साधी काच ती अडवते, ॲक्रिलिकही अडवतं. आपल्याला आरपार दिसतं म्हणून सेन्सरलाही दिसेल असं नसतं. सेन्सरवर जो दुधाळ घुमट येतो तो पॉलिथिनचा असतो आणि त्यातून मात्र ही ऊब पार होते. तेव्हापासून लेन्सपुढं काच, आणि सेन्सरचा घुमट उघडा, कडेला ओ-रिंग लावून. ओ-रिंगचं खोबण लेथवर कापून घ्यायला उद्यमनगरात दहा मिनिटं पुरतात. कोल्हापूरकरानं हा उद्योग करावा त्याला हे एक बरं कारण आहे.

दुसरं कारण जुनं आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, त्याच्यापुढून रोज हजारो दुचाकी जातात. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला. सुरुवात त्यांनी आणि भाऊ आनंदरावांनी मिळून केली. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूरावांनी काम पुरं केलं आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढं आला. माझ्या डब्याची त्या कॅमेऱ्याशी बरोबरी करायला मी काही वेडा नाही. पण परदेशी यंत्र खोलून बघायचं, आपल्या लेथवर उतरवायचं आणि अडलं तिथं आपलं डोकं चालवायचं, ही खोड या गावात नवी नाही एवढंच.

आता खोलण्याविषयी. जुना डिजिटल कॅमेरा घेऊन सुरुवात करणाऱ्यांना एक सांगणं. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढली तरी भरलेला राहतो आणि त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. आधी तो रेझिस्टर लावून रिकामा करायचा, मल्टिमीटरनं खात्री करायची, मगच स्क्रू-ड्रायव्हर आत. शटरच्या बटणाखाली तीन टोकं सापडतात. एक सामाईक, एक अर्धं दाबल्यावर फोकस करणारं, एक पूर्ण दाबल्यावर फोटो काढणारं. त्यांवर केसाएवढ्या तारा सोल्डर करून बाहेर काढायच्या. पीळ पडला तर तांब्याची पट्टीच उचलून हातात येते आणि कॅमेरा भंगारात जातो. स्पीकरची तारही तेव्हाच कापून टाकावी, नाहीतर मध्यरात्री तो स्टार्ट होताना गाणं म्हणतो.

या जुन्या कॅमेऱ्यांची चित्रं अजूनही मला आवडतात. त्यांचा दोष एकच, जागं व्हायला दोनेक सेकंद घेतात. तेवढ्यात भेकर वाट ओलांडून पार. म्हणजे कॅमेऱ्याला जनावर समोरून सावकाश आलेलं हवं आणि सेन्सरला ते आडवं गेलेलं हवं. दोघांचं भांडण मिटवायला डबा वाटेला तिरका बांधायचा, साधारण पंचेचाळीस अंशात. हे कुठल्या पुस्तकात बघायची गरज पडली नाही, भेकरांच्या शेपट्यांचे फोटो पुरेसे होते.

हल्ली इएसपी-३२ कॅम नावाचा इवलासा बोर्ड मिळतो. कॅमेरा, कार्डाची खाच, प्रोसेसर सगळं एकत्र, आणि किंमत एका हॉटेलातल्या जेवणाएवढी. चित्र दोन मेगापिक्सेलचं, म्हणजे जेमतेम. पण पटकन उठतो. त्याची खोड अशी, की फोटो काढताना जादा करंट ओढतो, बॅटरीचा दाब क्षणभर खाली जातो आणि बोर्ड मधेच रीसेट होतो. मोठा कपॅसिटर लावला की सुधारतो. झोपल्यावरही तो थोडा करंट खातच राहतो, म्हणून त्याची विजेची वाट मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचनं पुरती तोडून टाकायची आणि रात्रभर फक्त सेन्सर जागा ठेवायचा. सेन्सरची भूक इतकी कमी, की लॅपटॉपच्या टाकाऊ बॅटरीतले तीन-चार चांगले सेल आठवडेच्या आठवडे पुरतात. हे सेल निवडताना घाई नको. फुगलेला, गंजलेला किंवा नुसता पडून गरम होणारा सेल डब्यात घालून वाळल्या गवतात ठेवणं म्हणजे वणव्याला आमंत्रण.

रात्रीसाठी इन्फ्रारेड एलईडी. त्यात दोन जाती. ८५० नॅनोमीटरवाल्यांचा उजेड लांब पोचतो, पण जवळून बघितलं तर बारीक लाल ठिपके दिसतात. ९४० वाले माणसाला अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. मी ८५० वापरतो. काही गवे त्या लाल ठिपक्यांकडं रोखून बघतात असं फोटोत दिसतं, मग चरायला लागतात. लेन्समागची इन्फ्रारेड अडवणारी छोटी काच काढून टाकावी लागते. ती काढली की दिवसाच्या फोटोत हिरवी झाडी गुलाबी दिसते. आक्काला ते फोटो फार आवडले.

गव्याचे पहिले फोटो आले ते नुसते पायांचे. डबा गुडघ्याएवढ्या उंचीवर होता, वाघाच्या मोजणीतही साधारण तेवढ्याच उंचीवर लावतात. वाट अरुंद, जनावर अगदी जवळून गेलेलं. काळ्याभोर मांड्या फोटोच्या वरच्या कडेला कापलेल्या आणि खाली गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. चार मोजे, मग आठ, मग एकमेकांत मिसळलेले इतके, की दाजींनी बोट ठेवून मोजायचा नाद सोडला. मधेच दोन बारके मोजे, फिकट तपकिरी अंगाखाली. वासरू. डोकं, शिंगं, वशिंड काही नाही. मला वाईट वाटत होतं, दाजी मात्र खूश. ‘मोजं मोजलं तरी कळतंय की किती आल्यात!’ त्यांना सुंदर गवा नकोच होता, कळपाचा आकडा हवा होता.

मग दोन डबे झाले. एक गुडघ्याशी, लहान जनावरांसाठी. दुसरा माणसाच्या डोक्याहून वर, थोडा खाली वाकवून, वाटेपासून चार पावलं मागं. खालच्या डब्यात रानडुक्कर, उदमांजर, कधी साळू आणि मोजक्या रात्री पिसोरी. पिसोरीला शिंगं नसतात, नराला बारके सुळे असतात आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा. फोटोत ती नेहमी एक पाय उचलून थबकलेली. वरच्या डब्यात सांबर आणि गवे.

दाजींच्या रताळ्यांचा निकालही खालच्या डब्यानंच लावला. वाफे उकरलेले दिसले की घरात गव्याला शिव्या बसायच्या. कार्डात निघाला साळू, रात्र रात्र बसून उकरणारा. दाजी बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. ‘उगंच त्या मुक्या जनावराला बोललो,’ म्हणाले, आणि लगेच, ‘पर ऊस त्योच खातोय न्हवं?’ खातो. त्याबद्दल वाद नाही. पण गव्यासाठी जे कुंपण लागतं ते साळूला चालत नाही. साळूला खालून, जमिनीत गाडलेली जाळी लागते. कुणी काय खाल्लं हे कळल्याशिवाय शेतकरी पैसे कशावर घालणार? या डब्यांचा खरा उपयोग मला इथं दिसतो. वाघ-बिबट्याच्या फोटोवर लोक वाहवा करतात, पण बांधावरच्या माणसाला तेवढ्यानं काही मिळत नाही.

वाघाचं म्हणाल तर ते काम वनखात्याचं आणि शास्त्रज्ञांचं, त्याला मोठा इतिहास आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्यानं संयुक्त प्रांतातल्या जंगलात वाटेवर तार ताणून वाघाकडूनच वाघाचा फोटो काढवून घेतला, त्याचं पुस्तक १९२७ साली आलं. पुढं १९९० च्या दशकात उल्हास कारंथांनी नागरहोळेत कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून, पट्ट्यांच्या ओळखीनं वाघांची संख्या काढायची पद्धत बसवली. २०१८ च्या देशव्यापी मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यांत वाघाचे ७६,६५१. बाकीच्या ढिगात बिबटे, सांबर, माकडं आणि गावची गुरं. माझ्या गवताच्या फोटोंबद्दल मी फार मनाला लावून घेत नाही ते यामुळं. आपल्या भागात डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत वाघ असाच कॅमेऱ्यात आला तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या वर्तमानपत्रांत आनंदीआनंद होता.

आता दाजीपूरला गवे बघायला जातात तो सगळा मुलूख कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होता. १९५८ मध्ये तिथं अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. याच संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. आमच्या आजोबांच्या पिढीला जनावर दिसलं की बंदूक आठवायची. कार्ड आठवणारी पिढी अजून नवी आहे, तिचं कौतुक जरा सबुरीनं करावं.

पाऊस हा सगळ्यांत मोठा शत्रू. डब्याला मी घरगुती वायरिंगचा प्लास्टिक जंक्शन बॉक्स वापरतो, तारेला केबल ग्लँड, आत सिलिका जेलची पुडी. तरी जुलैत काचेला आतून वाफ धरते. पाणी नसतं, हवेतली ओल असते, आणि दिवसा गरम, रात्री गार होताना डबा ती हवा आत ओढत राहतो. लेन्सवर बुरशीची नक्षी उमटली की ती जात नाही. मुंग्या तर पहिल्या आठवड्यातच संसार थाटतात. सेन्सरची ऊब त्यांना आवडते की कोरडी जागा, देव जाणे. पाल घुमटावर बसली की रात्रभर पालीच्या पोटाचे फोटो. साळूनं एकदा बांधायचा पट्टा कुरतडला, घामाचं मीठ लागलेलं असतं त्याला. वानरांनी मात्र अजून हात लावलेला नाही, हे लिहायला नको होतं बहुतेक.

माणसांनीही हात लावला नाही. डबा दिसायला वीज मीटरच्या डब्यासारखा, त्यामुळं त्याच्या नादाला कोण लागत नाही.

माणसांचा विषय निघाला तो आक्कामुळं. जेवताना तिनं सरळ विचारलं, ‘मी पहाटं त्याच वाटंनं जातो. माझा बी फोटू येतोय काय त्यात?’ येतो. सेन्सरला गवा आणि आक्का यांत भेद कळत नाही, दोघंही उबदार. ‘आन् बाकीच्या बायकांचा?’ त्यांचाही येतो. पहाटे त्या वाटेनं बायका सरपणाला जातात, बांधाला जातात, आणि एकट्या असतात म्हणून मोकळ्या असतात. कॉर्बेटच्या जंगलाविषयी केंब्रिजच्या संशोधकाचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यात नेमकं हेच आहे. तिथल्या बायका रानात गाणी म्हणत, मोठ्यानं बोलत जायच्या, कारण आवाजानं जनावर लांब राहतं. कॅमेरे लागल्यावर त्या गप्प झाल्या. एका बाईचा खाजगी क्षणाचा फोटो तर गावात मोबाइलवरून फिरला. वाघासाठी लावलेल्या डब्यानं बाईला वाघापुढं मुकं करावं, ही गोष्ट मला कुठल्याही तांत्रिक अडचणीपेक्षा मोठी वाटते.

घरी बनवलेल्या यंत्राचा फायदा इथंही झाला. बोर्डात घड्याळाची चिप टाकली. रात्री आठ ते पहाटे चार एवढाच वेळ डबा जागा, बाकी वेळ सेन्सर तोडलेला. पहाटेची भेकरं त्यामुळं हातची जातात, जाऊ देत. पाणंदीकडं तोंड असलेला डबा वळवून उसाकडं केला. शेजारी बांबूला पाटी, ‘इथे जनावरांसाठी कॅमेरा आहे, रात्री ८ ते ४’. वाड्यावरच्या सगळ्यांना एकदा स्क्रीनवर फोटो दाखवले, ज्यात माणूस आला ते त्यांच्यादेखतच पुसले. त्यानंतर बायकाच सांगायला लागल्या, अमुक ओढ्यावर बघा, तिथं कळप उतरतो. माझ्या अंदाजानं लावलेल्या जागांपेक्षा त्या जागा सरस निघाल्या.

फोटो समाजमाध्यमांवर टाकताना मी गावाचं नाव देत नाही आणि फोटोत दडलेली जागेची माहिती काढून टाकतो. खवल्या मांजराचा फोटो तर कुणालाच पाठवू नये, वनखात्याला सोडून. त्याच्या खवल्यांसाठी जीव घेणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडंही मोबाइल आहे.

ज्यांना हा उद्योग करून बघायचा आहे त्यांनी दिवाळीनंतर सुरुवात करावी, म्हणजे पहिला डबा पावसात बुडणार नाही. पहिले काही आठवडे तो परसात किंवा गच्चीवर लावा. कोल्हापूर शहरातसुद्धा रात्री कौलांवरून उदमांजरं फिरतात, त्यांच्यावर सेन्सरची उंची आणि कोन जमवून घ्या. शेतात लावायचा तर आधी मालकाला विचारा आणि मालकाच्या आधी त्या वाटेनं चालणाऱ्या बायकांना. वनजमिनीवर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका. आणि मे महिना संपायच्या आत डबा उतरवून, सेल काढून, घरी आणून ठेवा.